चकवा आणि चंद्राची सफर

खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकात आमची नातवंडं जाऊन आली. तिथल्या ‘डीप स्पेस’मध्ये गाडी अंधारात रुळांवरून खरोखर पळते, ते त्यांना समजलं. पण ‘मिस्टर इंडिया’त खुर्च्या जागच्या जागी हलतात, तरी उडाल्यासारखं का वाटतं? उत्तर शोधता शोधता मी थेट बाजाच्या पेटीपाशी पोचलो!

पहिली ‘चंद्राची सफर’ १९०१ सालची, अमेरिकेत बफेलोच्या प्रदर्शनातली. फ्रेडरिक थॉम्पसनच्या ‘लूना’ जहाजात माणसं बसत, जहाज झुले, खाली पृथ्वी लहान होत गेल्याचा देखावा दिसे. राइट बंधूंचं विमान उडायला अजून दोन वर्षं होती. आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेतल्या तंबूची थोरली बहीणच म्हणा.

पुढचा गृहस्थ एडविन लिंक. वडिलांचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना. बाजाच्या पेटीला असतो तसा भाता त्याच्या हाताखालचाच. १९२९ साली त्याने भात्यांवर डोलणारं बुटकं विमान केलं. सुरुवातीला ते घेतलं करमणुकीच्या बागांनी. मग १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं. रात्री, ढगांतून, फक्त काट्यांकडे बघून विमान चालवायचा सराव नव्हता. काही आठवड्यांत कितीतरी वैमानिक मेले. त्यानंतर लष्कराने लिंकची ६ यंत्रं घेतली.

कारण काय, तर आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. ‘मागे कललो’ आणि ‘वेगाने पुढे निघालो’ यांतला फरक त्याला एकट्याला कळत नाही. डोळ्यांची साक्ष लागते. ढगात ती मिळत नाही. सातपुड्यात रात्री वाट चुकलेल्याला चकवा लागला म्हणतात ना, तसंच हे.

१९८७ साली डिस्नेलँडने ‘स्टार टूर्स’ ही अंतराळसफर काढली, तेव्हा वैमानिकांच्या शिक्षणासाठी बनवलेलंच यंत्र वापरलं. चाळीस जणांची बंद खोली मागे कलते, पडद्यावर यान झेपावतं, आणि मेंदू फसतो. ज्या चकव्याने वैमानिकांचे जीव घेतले, तोच आपण तिकीट काढून लावून घेतो.

एक गोष्ट मात्र या खुर्चीला जमत नाही. ती वजन नाहीसं करू शकत नाही. त्यासाठी राकेश शर्मांसारखं खरोखर वरच जावं लागतं. १९८४ साली ते सुमारे ८ दिवस तरंगले होते.