पाण्याखालचं मैदान

आमच्या मंडळाचं मैदान वर्षातले दीड-दोन महिनेच असायचं. बाकी ते भाटघर धरणाच्या पाण्याखाली. इंग्रजांनी १९२०च्या दशकात वेळवंडी नदीवर हे धरण पुरं केलं, त्यात आमच्या आज्याची नदीकाठची भातखाचरं गेली अन् गाव वर डोंगराकडं सरकलं. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडं. तिकडचा ऊस भिजून धरण तळाला लागलं, की मे महिन्यात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडायचं आणि इकडं आमचं हुतूतूचं मैदान.

वाळलेल्या गाळाला ही भेगा! पाय अडकला तर घोटा गेलाच. आम्ही पाट्यांनी माती टाकायचो, पाणी शिंपायचो, धुमसानं चोपायचो. रेघा चुलीतल्या राखेच्या. नियम कबड्डीचेच, पण म्हातारे शेवटपर्यंत हुतूतूच म्हणाले. वेल्ह्याकडचे गडी भाकरी बांधून खिंड उतरून यायचे.

खरा जोर मुंबईकरांचा. गिरणीत, गोदीत राबणारी पोरं यात्रेला यायची ती तिथले डाव शिकूनच. वर्गणीही त्यांचीच. १९८२ला गिरण्यांचा संप झाला, तवा संघात गडी उदंड आणि पेटीत पैसा नाही. त्या वर्षी जिंकणाऱ्याला नारळ ठेवला होता.

त्याच अंतिम सामन्यात वळीव कोसळला. गाळाचा राडा झाला, सामना अर्धाच राहिला. पुढच्या मे महिन्यात पुरा करू म्हटलं, पण तोवर निम्मे गडी पोटामागं पांगले. नारळ आम्ही देवाला फोडला. तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढं होतो. वेल्हेवाले अजून मानत नाहीत.