पेडल-जुळणी, जुन्या मोटारींची

जुन्या मोटारीच्या ब्रेक व क्लच पेडलांची जागा, तरफेचे प्रमाण किंवा त्यांना जोडलेला मास्टर सिलिंडर बदलण्याचे काम. महाराष्ट्रातील ठळक नमुना विलीज या लष्करी जीपचा.

स्थान : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) लष्करी वाहनांचे शहर आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, १९९४ पासूनचे रणगाडा संग्रहालय आणि डीआरडीओची वाहन संशोधन संस्था येथे आहेत.

मूळ रचना : जीपची दोन्ही पेडले पायाखालच्या पत्र्यातून वर येतात. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चासीला बसवलेला. चिखलपाण्याचा मारा नेमका तिथेच. पेडलांचा दांडा आणि बुश झिजले की पेडल आडवे डुलते, आणि ब्रेक ऑइल पाहायलाही पायाखालच्या पत्र्यातले झाकण काढावे लागते. खरी उणीव वेगळीच : चारही चाकांना ब्रेक ऑइलचा एकच परिपथ. एक नळी फुटली की ब्रेक गेला. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी परिपथ सक्तीचा झाला, तो याच कारणाने.

फेरबदल : दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हा सर्वांत समर्थनीय बदल. त्याचा व्यास मात्र अंदाजाने निवडू नये. पायाचा दाब २५ किलो आणि तरफ सहापट धरली, तर दट्ट्यावर १५० किलो येतात. एक इंची सिलिंडरात त्याचे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलो होतात, पाऊण इंचीत सुमारे ५३. ब्रेक हलका लागतो, पण तेवढेच ऑइल ढकलायला दट्ट्या पावणेदोनपट सरकावा लागतो आणि पेडल पत्र्याला टेकू शकते.

पेडले वरून टांगायची तर सगळा भार इंजिनामागच्या पत्र्यावर येतो. तो पातळ असल्याने आतून जाड पट्टी द्यावी लागते. नाहीतर पाय दाबताच पत्रा वाकतो आणि पेडलची चाल वाया जाते.

दट्ट्याची दांडी बसवताना पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल ठेवतात. ती नसेल तर ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. ऑइल तापून फुगते, ब्रेक धरून ठेवतात आणि ड्रम भाजतात. हवा कितीही वेळा काढली तरी हा दोष जात नाही.

क्लच : जोडणी यांत्रिक, बहुधा मूळचीच ठेवतात.

कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असे फेरबदल करता येत नाहीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ क्रमांकमालिका आणली. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेले वाहन तीत बसत नाही. म्हणून ब्रेकसाठी चासी कापण्याआधी मालकाने आरटीओत विचारणा करावी.