पबच्या दारातला मुलगा

चार्ली चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’ (१९५२) मी पहिल्यांदा पाहिला तो ऑफिसच्या बसमध्ये, मोबाइलवर, दोन तुकड्यांत. हसवणारा चॅप्लिन हवा होता, भेटला कॅल्व्हेरो. १९१४चं लंडन, एकेकाळचा गाजलेला म्युझिक हॉलचा विनोदवीर, आता दारुडा. स्वप्नात तो स्टेजवर धमाल करतो, वाकून नमस्कार करतो आणि समोर बघतो तर खुर्च्या रिकाम्या. तिथे मी बस विसरलो.

लोक म्हणतात, कॅल्व्हेरो म्हणजे म्हातारा चॅप्लिन. मला तेवढं पटत नाही. मला त्यात त्याचे वडील दिसतात.

थोरले चार्ल्स चॅप्लिन म्युझिक हॉलचे नावाजलेले गायक. या धंद्याची गोम अशी की, हॉलची कमाई दारूवर. गाणं संपलं की कलाकाराने बारवर जाऊन गिऱ्हाइकांसोबत प्यायचं, ही अपेक्षाच असे. म्हणजे कामावरच व्यसन लागायचं आणि मग त्याच व्यसनापायी काम जायचं. संसार मोडला. बायको हॅना, तीही गायिका, तिचा आवाज गेला. पोरं अनाथ-गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये.

आत्मकथेत चॅप्लिन सांगतो की, एकदा केनिंग्टन रोडवरच्या ‘थ्री स्टॅग्ज’ पबमध्ये त्याने सहज डोकावलं. कोपऱ्यात वडील. डोळे खोल गेलेले, अंग सुजलेलं. पोराला बघून चेहरा उजळला. आईची, भावाची चौकशी केली, जवळ घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा मुका घेतला. तीच शेवटची भेट. १९०१मध्ये, चाळिशीही न गाठता ते गेले. चॅप्लिन तेव्हा बारा वर्षांचा.

आता सिनेमा बघा. नशीब फिरलेला कॅल्व्हेरो रस्त्यावरच्या वादकांबरोबर पबमध्ये गाऊन पैसे गोळा करतो. तिथे त्याला तरुण संगीतकार नेव्हिल भेटतो. ती भूमिका केली आहे सिडनी चॅप्लिनने, म्हणजे चार्लीच्या सख्ख्या मुलाने! पुन्हा पब, पुन्हा बाप-लेक. फक्त या वेळी कोपऱ्यातला माणूस चार्ली स्वतः.

शेवटच्या कार्यक्रमात पियानोवर बस्टर कीटन आहे. त्याचंही तेच: दारू, १९३२मध्ये घटस्फोट, मुलांना आईकडचं आडनाव. त्याच्या नोटेशनचे कागद सारखे घसरत राहतात आणि तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते सावरत राहतो. मी बसमध्ये मोठ्याने हसलो. शेजारचा दचकला.

त्या रात्री घरी पोचल्यावर बाबांना फोन लावला. “काय रे, एवढ्या रात्री?” म्हणाले. म्हटलं, “काही नाही, सहज.”