तारेला ताप मोजता येतो का?

तर झालं असं की, मागच्या शनिवारी रात्री साडेअकराला मित्राचा फोन आला. कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसायचो. आता साहेब इंग्लंडात असतात. दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढायचा, त्या सोडायच्या म्हणून तिकडे वेप वापरतो. (आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि मग त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी दुकान शोधायला निघू नये. मिळणारही नाही आणि मिळूही नये.)

तक्रार अशी. त्याच्या यंत्रात टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं आहे आणि यंत्र 'तापमान सांभाळणारं' आहे. म्हणजे २२० अंश लावले की तार त्याच्या वर जाऊ द्यायची नाही. आधी दोन आठवडे काय व्हायचं, बटण दाबलं की लगेच 'तापमान गाठलं' असं पडद्यावर यायचं आणि वाफ म्हणावी तर नाहीच. मग यानं काहीतरी खटपट केली आणि वाफ भरपूर यायला लागली. "पण आता करपट वास येतो रे, घसा खवखवतो. आकडा तर २२०च दाखवतो. तू इंजिनियर ना, सांग."

मी संगणकवाला. आमच्याकडे काही बिघडलं की आधी बंद करून चालू करतात. पण या प्रश्नावर मी गप्प बसलो, कारण हा घोटाळा मी स्वतः एकदा केलेला आहे. तोही वेपवर नाही, तर पणदऱ्याजवळच्या एका गुऱ्हाळावर. आणि आमच्या दोघांच्याही आधी, दीडशे वर्षांपूर्वी, एका फार मोठ्या माणसाचा याच जागी पाय घसरलेला आहे. म्हणून ही गोष्ट जरा मुळापासून सांगतो.

त्या यंत्रात थर्मामीटर नसतोच मुळी. जी तार तापते तीच मोजते. शुद्ध धातू तापला की विजेला जास्त अडवतो, त्याचा रोध वाढतो. टायटॅनियमचा रोध दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्यांनी वाढतो. तार गार असताना, म्हणजे २० अंशाला, ०.४० ओहम असेल तर २२० अंशाला ती ०.६८ ओहम होणार. यंत्र फक्त एवढंच बघतं की ०.६८ झालं का? झालं की वीज कमी. नीट पाहिलंत तर तारेला तापमान कळत नाही. गार असताना होती त्यापेक्षा ती किती बदलली, एवढंच कळतं. म्हणजे 'गार असताना किती होती' हे चुकलं की पुढचं सगळं चुकलं. मूळ आकडा चुकीचा आणि वरचं गणित बरोबर, अशी अवस्था.

ही युक्ती कोणाची? विल्यम सीमेन्सची. बर्लिनच्या वेर्नर सीमेन्सचा हा धाकटा भाऊ, इंग्लंडात स्थायिक झालेला. १८६० साली समुद्राखालून टाकायची तारायंत्राची केबल जहाजाच्या पोटात गुंडाळून ठेवली होती. केबल बनवली होती रंगून-सिंगापूर मार्गासाठी, पुढे ती टाकली गेली माल्टा-अलेक्झांड्रिया दरम्यान. तांब्याच्या तारेवर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं आवरण, त्यावर लोखंडी तारांचं चिलखत. ओलं लोखंड गंजतं आणि गंजताना तापतं. गटापर्चा उष्णतेनं मऊ पडतो. आत खोलवर केबल तापत असेल तर सगळा माल समुद्रात जाण्यापूर्वीच बाद! पण शेकडो मैलांच्या त्या ढिगात थर्मामीटर घालणार कुठे, आणि वाचणार कोण?

सीमेन्सने केबलच्या थरांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी ठेवली, त्यांची टोकं बाहेर आणली आणि त्यांचा रोध मोजत बसला. रोध वाढत चालला होता. वरून हात लावला तर केबल गार, त्यामुळे बाकीच्यांना ते पटेना. शेवटी ढिगावर गार पाणी ओतलं, ते खालून कोमट होऊन बाहेर आलं. तेव्हा पटलं.

मग त्याची भूक वाढली. जहाजाच्या पोटातली ऊब मोजता येते, तर भट्टीतली आग का नाही? भट्टीत पारा चालत नाही, म्हणून प्लॅटिनमची तार. १८७१ साली रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देऊन त्याने ही कल्पना मांडली, उपकरणंही बनवली. मग ब्रिटिश असोसिएशनने एक समिती नेमली, समितीने उपकरणं तपासली आणि १८७४ साली निकाल दिला की यावर विसंबता येत नाही. एकदा भट्टीत घालून काढलं आणि गार केलं, की तारेचा रोध पहिल्याइतका राहत नाही. म्हणजे मूळ आकडाच सरकतो. झालं! प्लॅटिनमच्या थर्मामीटरवर जवळजवळ बारा वर्षं फुली पडली.

ती फुली पुसली ह्यू कॅलेंडर नावाच्या केंब्रिजच्या पोराने, १८८६ साली. वय वर्षं २३. (माझ्याहून लहान. असो.) आधी ग्रीक-लॅटिन, मग गणित शिकलेला, भौतिकशास्त्राचं रीतसर शिक्षण नाही. त्याने विचारलं की दोष प्लॅटिनमचा आहे की आपण त्याला ज्या घरात ठेवलं त्या घराचा? सीमेन्सची तार मातीच्या नळीवर गुंडाळलेली होती, बाहेर लोखंडी नळी. भट्टीच्या तापात तिथली सिलिका आणि वायू प्लॅटिनमला बाधत होते. कॅलेंडरने तार शुद्ध घेतली, ताण न देता गुंडाळली, पुढे अभ्रकाच्या आधारावर चिनी मातीच्या नळीत बसवली. आता ती तापून गार झाली की मूळ आकड्यावर परत येऊ लागली. १९२७ साली आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणी ठरली तेव्हा मधल्या मोठ्या पट्ट्यासाठी प्रमाण म्हणून हाच प्लॅटिनमचा थर्मामीटर घेतला. बारा वर्षं बदनाम झालेला, बरं का.

आता केंब्रिजहून थेट पणदऱ्याला येऊ. इंग्लंडात हे वाद चालले होते त्याच सुमारास, १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, नीरा डावा कालवा खोदला जात होता. १८८० च्या दशकात त्याचं पाणी खेळू लागलं आणि आमच्याकडे ऊस आला. आधी गुऱ्हाळं, मग विसाव्या शतकात साखर कारखाने. आज कुठल्याही साखर कारखान्यात गेलात तर कॅलेंडरचा वारस जागोजागी खुपसलेला दिसेल. त्याला पीटी-१०० म्हणतात. शून्य अंशाला बरोबर १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. गंधकाची धुरी द्यायच्या आधी रस ७०-७५ अंशाला, निवळायला सोडायच्या आधी १०२ ते १०५, आणि पॅनमध्ये पाक निर्वात करून ६०-७० अंशाला उकळायचा, नाहीतर साखर काळवंडते. हे सगळं त्या तारेच्या जिवावर.

गुऱ्हाळावर मात्र तार नसते, गुळव्या असतो. काहिलीत रस उकळतोय, खाली चुलव्या चुलवाणात चिपाडं सारतोय, आणि गुळव्या फेसाकडे बघत उभा. पाक ११६ ते ११८ अंशाला आला की काहील उतरवायची. आधी उतरवली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. तो आकडा गुळव्याला माहीत नसतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो, ती गोळी पत्र्यावर मारून आवाज ऐकतो.

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला सुबुद्धी सुचली. आजोबांचा भागीत ऊस होता, त्या गुऱ्हाळावर मी 'आधुनिकीकरण' करायला निघालो. पुण्यात बुधवार पेठेतून पीटी-१०० आणि आकडे दाखवणारा डबा आणला. काहिलीजवळ धग फार, म्हणून डबा लांब छपरीत लावला आणि मधे वीस मीटर साधी दोन पदरी वायर जोडली. डब्यावर ११८ आले. मी ओरडलो, "मामा, उतरवा!"

गुळव्यामामांनी गोळी वळून बघितली. "आरं, आजून कच्चं हाय."

"मामा, मशीन खोटं बोलत नाही."

आजोबा माझ्याकडे बघत होते. नातू शिकतोय, त्याचा शब्द कसा मोडायचा? ते म्हणाले, "उतरवा." काहील उतरली. गूळ वाफ्यात ओतला, घोटला, सकाळपर्यंत वाट पाहिली. ढेप बसलीच नाही. एक अख्खं आधण वाया. आजोबा एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

चूक कळायला मला हॉस्टेलवर परत जावं लागलं. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०३४ ओहम. वीस मीटर जाऊन वीस मीटर परत, म्हणजे १.४ ओहम फुकटचे. पीटी-१०० दर अंशाला ०.३८५ ओहम वाढतो. म्हणजे डबा साडेतीन अंश जास्त दाखवत होता. खरा पाक होता साडेचौदाच्या घरात, ११४.५ अंश. आणि यावरचा उपाय, तिसरी तार जोडून वायरचा रोध वजा करायचा, सीमेन्सच्या काळापासून माहीत आहे! सेन्सरला तीन तारा होत्या. मी तिसरी जास्तीची समजून कापून टाकली होती.

आता मित्राकडे वळतो. ई-सिगारेटचा आजचा अवतार चीनमध्ये होन लिक या माणसाने २००३ च्या सुमारास काढला. सुरुवातीची वेटोळी निक्रोम किंवा कंथलची. हे मिश्रधातू असे, की तापले तरी रोध जवळजवळ बदलत नाही. हीटरला उत्तम, पण मोजायला आंधळे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की जास्त व्होल्टेजला या वाफेत फॉर्माल्डिहाइड तयार होतं. त्यावर 'इतकं करपलेलं कोण ओढतं' असा वाद झाला, पण द्रव जास्त तापणं वाईट, यावर वाद नव्हता. त्याच्या थोडं आधी, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या इव्हॉल्व्ह कंपनीने तापमान सांभाळणारी पाटी आणली होती, आधी निकेलच्या तारेसाठी. पाठोपाठ टायटॅनियम आलं. थोडक्यात, सीमेन्सची जहाजावरची युक्ती माणसाच्या खिशात पोचली. आणि तिच्याबरोबर १८७४ चे सगळे दोषही.

मी मित्राला तीन प्रश्न विचारले.

पहिला, स्क्रू घट्ट आहेत का? तो बघून आला. एक ढिला होता. ढिल्या जोडात ०.०५ ओहम जरी वाढले, तरी ०.४० च्या तारेवर यंत्राला वाटतं ३६ अंश चढले. म्हणून दोन आठवडे 'तापमान गाठलं' दाखवून वाफ बंद होत होती. माझी वीस मीटर वायर, दुसरं काय!

दुसरा, मग तू खटपट काय केलीस? म्हणाला, "काही नाही रे, मूळ रोध परत नोंदवला." कधी? "ओढता ओढताच."

सापडला चोर! तार गार नव्हती. समजा ६० अंशाला होती. तेव्हा तिचा रोध ०.४५६, आणि यंत्राने तोच 'गार' म्हणून लिहून घेतला. आता २२० साठी ते ०.७७५ ओहमपर्यंत जाऊ देणार. खऱ्या ०.४० च्या तारेला तो रोध यायला २८८ अंश लागतात. पडद्यावर २२०, तारेवर २८८. वातीचा कापूस एवढ्यात सहज करपतो. म्हणजे हा गडी गेले कित्येक दिवस सुरक्षित आकडा बघत करपट वाफ छातीत घेत होता. आकडा नसता तर वासावरून केव्हाच थांबला असता.

तिसरा, तार कोरडी लाल तापवून साफ करतोस का? "करतो की, पूर्वीच्या तारेला करायचो तसंच." टायटॅनियमला हे चालत नाही. लाल तापलं की ते हवेतला ऑक्सिजन धरतं, वर ऑक्साइडचा थर चढतो आणि तार मूळची राहत नाही. सीमेन्सच्या मातीच्या नळीतल्या प्लॅटिनमसारखंच. ती तार फेक म्हणालो. नवी बसव, स्क्रू आवळ, यंत्रात धातू टायटॅनियमच निवडलाय ना बघ (चुकून निकेल निवडलं तर २२० चे ३६० होतात), अर्धा तास हात लावू नकोस, आणि मगच मूळ रोध नोंदव. आणि वास आला तर आकड्यावर नाही, नाकावर विश्वास ठेव. जमलं तर हेही सोड.

रविवारी त्याचा निरोप आला, करपट वास गेला. सोडायचं बघतो म्हणाला. बघू.

फोन ठेवल्यावर मला गुळव्यामामांची एक सवय आठवली. गोळी बघायला घेतलेलं पाणी ते दर खेपेला ओतून द्यायचे आणि परत रांजणातून ताजं गार घ्यायचे. मी तेव्हा विचारलं होतं, "एवढंसं पाणी, तेच का नाही वापरत?"

"कोंबट पान्यात कच्ची गोळीबी कच्चीच दिसतीय आन पक्कीबी. पानी गार पायजे."

कॅलेंडरचा प्रबंध मी पुढे वाचला. मामांचं म्हणणं तेव्हाच ऐकलं असतं तर एक आधण वाचलं असतं.