रांजण आणि कुंभ

घरच्या द्राक्षांचे मद्य मोठ्या भांड्यातच मुरू द्यावे की लहान भांड्यांत भरून ठेवावे, हा प्रश्न वरकरणी तळघरातला. प्राचीन रोममध्ये मात्र तो साहित्यविचारापर्यंत पोहोचला.

रोमन मळ्यावर द्राक्षरस 'डोलियम' नावाच्या, बहुधा गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या रांजणात आंबत असे. भोवतालच्या मातीमुळे त्यातील उष्णता फारशी चढत-उतरत नसे. परंतु तोंड रुंद असल्याने झाकण काढताच हवा आत शिरे. साधे मद्य म्हणून लवकर संपवीत. टिकवायचे ते सुमारे 26 लिटरांच्या, दोन कानांच्या 'अँफोरा'त भरून बुचाने बंद करीत आणि वर त्या वर्षीच्या कॉन्सलचे नाव घालीत. रांजणातल्या मद्याला कुंभात आल्यावर असे वर्ष मिळे.

या वर्षाचे मोल होरेसने ओळखले होते. मेसीनासला निमंत्रण देताना तो सांगतो, की मद्य साबाइन प्रदेशातले, हलकेच आहे. पण नाट्यगृहात तुमचा जयघोष झाला तेव्हा आपण ते स्वतःच्या हाताने कुंभात बंद केले. मद्य सामान्य खरे, पण त्यात एका दिवसाची आठवण मुरत होती.

चिठ्ठी खोटेही बोलते. पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मधील ट्रिमल्किओ 'ओपिमियसच्या वर्षाचे, शंभर वर्षांचे' मद्य मिरवतो. ओपिमियस कॉन्सल होता इ.स.पू. 121 मध्ये, नीरोच्या काळापर्यंत पावणेदोनशे वर्षे उलटून गेली होती. यजमानाचे गणित आणि रसिकता दोन्ही तिथेच उघडी पडतात.

याच ओपिमियसचा दाखला सिसेरोने इ.स.पू. 46 मधील 'ब्रूटस'मध्ये आधीच दिला होता. विषय होता गद्यशैलीचा. थ्युसिडिडीसचे अनुकरण करू पाहणाऱ्या वक्त्यांना तो बजावतो, की फार जुन्या मद्यात गोडी उरत नाही. मग थेट रांजणातूनच काढून प्यावे काय? तेही नव्हे, बेताचे वय झालेले शोधावे.

अभ्यासक्रमासाठी पुस्तके निवडताना आम्हांला हा उतारा हटकून आठवतो. कित्येकदा आपण ग्रंथावरची चिठ्ठीच वाचतो, किंवा कालचा फसफसता रस वर्गात ओततो. चाखून पाहण्याचे कष्ट मात्र टाळतो. आणि विद्यार्थ्याला शिकवायचे असते ते नेमके तेच.