पांढऱ्या उंदराच्या अंगावरची न दिसणारी कुंची

तुमच्यापैकी कुणी फार्मसी किंवा झूऑलॉजी केलं असेल, तर लाल डोळ्यांचा, पांढराशुभ्र विस्टार उंदीर तुम्ही हातात धरलाच असेल. त्या उंदराच्या अंगावर एक कुंची आहे असं मी म्हटलं तर? दिसत नाही, पण आहे. आज तिचीच गोष्ट. माझ्या संशोधनाचा विषय आहे आनुवंशिकशास्त्राच्या सुरुवातीच्या काळातले वाद, आणि त्यातला एक मोठा वाद या कुंचीवरूनच झाला.

आधी कुंची म्हणजे काय ते बघू. पाळीव उंदरांमध्ये एक नमुना सगळीकडे दिसतो: डोकं आणि खांदे रंगीत, पाठीच्या कण्यावरून शेपटीकडे जाणारा एक पट्टा, बाकी सगळं अंग पांढरं. इंग्रजीत याला ‘हूडेड’ म्हणतात. मला तर तान्ह्या बाळाला घालतात ती कुंचीच आठवते, म्हणून मी तोच शब्द वापरणार आहे.

अशा रंगीबेरंगी उंदरांचा नाद जुना आहे. जपानमध्ये 1775 साली उंदीर कसे पाळावेत यावर ‘योसो-तामा-नो-काकेहाशी’ नावाचं आख्खं पुस्तक निघालं होतं. व्हिक्टोरियन लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. स्वतःला तो राणीचा उंदीरमाऱ्या म्हणवून घ्यायचा, आणि वेगळ्या रंगाचे उंदीर मारण्याऐवजी त्यांची पैदास करून विकायचा. पुढे 1901 मध्ये एल्सबरीच्या प्रदर्शनात मेरी डग्लस या बाईंच्या काळ्या-पांढऱ्या कुंचीवाल्या उंदराने पहिलं बक्षीस मारलं. म्हणजे शास्त्रज्ञांनी हात लावायच्या आधीच हौशी लोकांनी हे नमुने जपले होते.

आता अमेरिकेत जाऊ. हार्वर्डमधले विल्यम कॅसल. मेंडेलचे नियम 1900 मध्ये पुन्हा उजेडात आले होते आणि कॅसल ते प्राण्यांवर तपासत होते. कुंचीचा हिशोब अगदी मेंडेलच्या पुस्तकातला. रानटी उंदीर आणि कुंचीवाला उंदीर यांचा संकर केला, की पहिल्या पिढीत कुंची गायब; अंगभर रंग, फार तर पोटावर थोडं पांढरं. त्या पिल्लांचा आपसात संकर केला की चारात एक या प्रमाणात कुंची परत हजर. म्हणजे एकच जनुक.

पण एक गोष्ट कॅसलना खटकत होती. सगळ्यांची कुंची सारखी नव्हती. कुणाचा पट्टा रुंद, कुणाचा तुटका, कुणाचा नुसता डोक्यापुरता रंग. जनुक एकच, तर मग हा फरक कुठून आला?

म्हणून 1907 च्या सुमारास त्यांनी दोन घराणी सुरू केली. एकात दर पिढीला सगळ्यात गडद उंदीर निवडायचे, दुसऱ्यात सगळ्यात पांढरे. प्रत्येक उंदराच्या रंगाला मोजपट्टीवर गुण द्यायचे. असं पिढ्यानपिढ्या. कॅसल आणि जॉन फिलिप्स यांनी 1914 मध्ये 13 पिढ्यांचा अहवाल छापला, तेव्हा दोन्ही घराणी इतकी लांब गेली होती की एकातले उंदीर जवळजवळ काळे आणि दुसऱ्यातले जवळजवळ पांढरे. मूळच्या कळपात असे टोकाचे उंदीर नव्हतेच.

कॅसलनी निष्कर्ष काढला: निवड करून करून कुंचीचं जनुकच बदललं. गडद घराण्यात ते ‘जास्त रंगाचं’ झालं, फिक्या घराण्यात ‘कमी रंगाचं’.

हे किती मोठं विधान आहे बघा. मेंडेलच्या अनुयायांचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा होता, की जनुक पिढ्यांमधून जसंच्या तसं जातं. ते निवडीने मेणासारखं वळत असेल, तर डोलारा कोसळला! साहजिकच विरोध झाला. त्याच वर्षी हर्मन मुलरने लिहिलं की कुंचीचं जनुक तेच आहे; बदलली आहेत ती त्याच्या आजूबाजूची, रंग थोडा कमी-जास्त करणारी दुसरी जनुकं. कॅसलना हे पटेना. वर्षानुवर्षं हजारो उंदीर स्वतः मोजलेला माणूस. त्याला कुणी सांगावं की तू बघतोस ते ते नाहीच?

प्रयोग तर करायलाच हवा होता. तो समजायला दह्याचं उदाहरण घेऊ. दोन घरी एकाच विरजणाचं दही लागतं. वर्षभराने एका घरचं आंबट, दुसऱ्या घरचं गोड. विरजण बदललं की घरचं दूध आणि ऊब वेगळी? सोपं आहे. दोन्ही विरजणं तिसऱ्याच घरी न्या, त्याच दुधात दोन-तीनदा लावा. दही सारखंच लागलं, तर विरजण बदललेलं नव्हतं.

कॅसलनी नेमकं हेच केलं. दोन्ही घराण्यांतल्या उंदरांचा रानटी उंदरांशी संकर केला, नातवंडांतले कुंचीवाले निवडले, त्यांचा पुन्हा रानटींशी संकर. असं तीनदा. दरवेळी कुंचीचं जनुक तेच राहतं, पण आजूबाजूची जनुकं रानटी उंदराची येत जातात. आणि दोन्ही घराण्यांच्या कुंच्या पुन्हा एकमेकींच्या जवळ आल्या. जनुक बदललं नव्हतं.

कॅसलनी 1919 मध्ये याबद्दल जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘दुरुस्ती’ हा शब्द आहे. एका तपाची मेहनत, आणि स्वतःच्याच हाताने खोडून टाकली. मी तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या थिसिसचा एक चॅप्टर मोडीत निघाल्यामुळे मी वैतागले होते. नंतर बराच वेळ गप्प बसले.

पण कॅसल पूर्ण चुकले होते असंही नाही. निवडीने प्राणी मूळ कळपाच्या पलीकडे जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवलंच. त्या उंदरांवर काम करणारा त्यांचा विद्यार्थी सेवॉल राइट, पुढे उत्क्रांतीच्या गणिती सिद्धांताचा एक आधारस्तंभ झाला. कॅसलची चूक एवढीच, की डोळ्याला दिसणारा पट्टा आणि आतलं जनुक त्यांनी एकच मानलं.

आता सुरुवातीच्या पांढऱ्या उंदराकडे येऊ. 1915 मध्ये बर्कलीत लाँग आणि इव्हान्स यांनी विस्टारच्या पांढऱ्या माद्यांचा संकर तिथेच पकडलेल्या एका रानटी नराशी केला. त्यातून तयार झालेला लाँग-इव्हान्स उंदीर कसा दिसतो? कुंचीवाला! बाप अंगभर रंगाचा, आया पांढऱ्या, मग कुंची आली कुठून? आयांकडूनच. त्यांच्यात रंग बनवणारं जनुक बंद होतं, म्हणून ती दिसत नव्हती, एवढंच.

याचा पक्का पुरावा 2012 मध्ये मिळाला. जपानमधल्या ताकाशी कुरामोतो आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांचे 172 वंश तपासले. किट नावाच्या जनुकात एका जुन्या विषाणूचा तुकडा घुसून बसलाय, त्यामुळे कुंची होते, असं त्यांना दिसलं. रंगपेशी भ्रूणात पाठीच्या बाजूने निघून पोटाकडे पसरतात, आणि त्यांना किट लागतं. ते कमी पडलं की पोटापर्यंत रंग पोचत नाही. आणि पांढऱ्या उंदरांच्या 117 वंशांपैकी सगळ्याच्या सगळ्या 117 वंशांत तो तुकडा सापडला. शिवाय पांढरेपणाचा बदलही सगळ्यांत एकच. म्हणजे कधीतरी, कुठेतरी, एका कुंचीवाल्या उंदरात रंग बंद पडला आणि जगभरचे पांढरे प्रयोगशाळेचे उंदीर त्याचे वंशज आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी प्रॅक्टिकलला पांढरा उंदीर हातात आला, तर त्याच्या डोक्यावरून पाठीकडे एकदा बोट फिरवून बघा. कुंची तिथेच आहे.