आपल्या आयुष्याचा हिशेब कोण मांडतो?

विमा कंपनीत एक माणूस असा असतो, जो पॉलिसी विकत नाही आणि जाहिरातीतही दिसत नाही. पण कुणाकडून किती हप्ता घ्यायचा हे ठरते ते त्याच्या आकडेमोडीवर. त्याला ॲक्च्युअरी म्हणतात, मराठीत विमागणिती. अमुक वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती मरतील, याचा तक्ता तो मांडतो. आपल्यातून वकील झाले, प्राध्यापक झाले, कलेक्टर झाले. या पेशाकडे मात्र आपली नजरच गेली नाही. ती का जायला हवी, हे त्याच्या इतिहासातच आहे.

1818 मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ ही कंपनी निघाली, ती गोऱ्यांसाठी. पुढे हिंदी माणसाचा विमा उतरवू लागले तेव्हाही त्याचे आयुष्य कमी दर्जाचे धरून वर जादा हप्ता लावत. 1870 च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल उभी राहिली आणि तिने हिंदी माणसाला नेहमीच्या दराने विमा दिला. राष्ट्रवादी इतिहासकार ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि ती खरीच आहे. पण त्या वेळी हप्ता भरू शकणारा हिंदी माणूस कोण होता? गावकुसाबाहेरचा महार, मांग नक्कीच नव्हता. गोऱ्याने काळ्याचे आयुष्य स्वस्त धरले तर तो अन्याय. आपल्याच देशात कुणाचे आयुष्य हिशेबातच धरले नाही, त्याला मात्र नाव नाही.

अमेरिकेत हे उघडपणे झाले. 1881 मध्ये प्रुडेन्शियल कंपनीने ठरवले की तेवढाच हप्ता भरणाऱ्या काळ्या माणसाला गोऱ्यापेक्षा एक तृतीयांश कमी रक्कम मिळेल. 1884 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून हा भेदभाव बंद केला. मग कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने 1896 मध्ये जाडजूड पुस्तक लिहून 'सिद्ध' केले की काळे लोक जास्त मरतात ते परिस्थितीमुळे नव्हे, वंशामुळे. म्हणजे त्यांचा विमा उतरवणेच चूक! पुढच्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी त्याचे वाभाडे काढले. युरोपातल्या काही शहरांतले गोरेही त्याच दराने, कधी त्याहून जास्त मरत होते. मग त्यांचा कोणता वंश दोषी? डुबॉईस आकड्यांना घाबरले नाहीत, त्यांनी आकड्यांनीच उत्तर दिले. 1946 मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते हेच डुबॉईस. (समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला दुर्खाइम भरपूर शिकवला. हॉफमनचे नाव मी नंतर, स्वतः वाचताना ऐकले.)

आता बाबासाहेबांकडे येऊ. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, मार्च 1943 मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. 1944 मध्ये अहवाल आला, तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी तपासला आणि त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. अंधेरी, कांदिवली, मुलुंडची कामगार रुग्णालये या कायद्याची देन. तिथल्या दुरवस्थेवर आपण बोलतोच, बोललेच पाहिजे. पण या योजनेचे गणित बघा. आज मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगार 0.75 टक्के. तुमची छाती खराब आहे का, बाप कशाने मेला, वस्ती कुठली, असले काही विचारून वर्गणी वाढवत नाहीत. निरोगी आणि आजारी एकाच दराने भरतात, उपचार मात्र ज्याला लागेल त्याला. इथेही आकडेमोड विमागणितीच करतो, पण धोका एकट्याच्या गळ्यात न बांधता सगळ्यांत वाटतो.

1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेब आणखी पुढे गेले. विमा ही फक्त राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे सक्तीचे असावे, असे कलमच त्यांनी मांडले. कारणे दोन: माणसाला सुरक्षितता आणि राज्याला नियोजनासाठी भांडवल. 19 जानेवारी 1956 ला वटहुकूम निघाला आणि 1 सप्टेंबरला 245 लहानमोठ्या संस्था एकत्र करून एलआयसी झाली. तेव्हा धम्मदीक्षेला दीड महिनाही उरला नव्हता. राष्ट्रीयीकरण बाबासाहेबांमुळे झाले असे मी म्हणणार नाही, खासगी कंपन्यांचे घोटाळे त्यामागे होते. पण त्यांच्या कलमाचा अर्धा भागच देशाने घेतला. मक्तेदारी आली, सर्वांना विमा आला नाही. पुढे मक्तेदारीही गेली आणि मे 2022 मध्ये एलआयसीचे शेअर बाजारात आले.

याचा परिणाम थेट तक्त्यात दिसतो. आज आयुर्विम्याला आधार असलेला 2012-14 चा भारतीय तक्ता विमा उतरवलेल्यांच्या मृत्यूंवरून बनला आहे. ज्याने पॉलिसीच घेतली नाही, त्याचा मृत्यू त्यात नाही. गटारात गुदमरलेला कंत्राटी सफाई कामगार, देवनारच्या कचऱ्यावर वय गेलेली बाई, बहुतेक वेळा त्या तक्त्याच्या बाहेरच. दुसरीकडे संगीता व्यास आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये नऊ राज्यांची आकडेवारी मांडली. उच्चजातीय हिंदूंपेक्षा दलित तीन वर्षांहून अधिक, आदिवासी चार वर्षांहून अधिक कमी जगतात. यातला निम्म्याहून कमी फरक गरिबीने समजावता येतो. बाकीचे काय, हे विचारायला हॉफमनचा भारतीय अवतार पुढे येण्याआधी आपला डुबॉईस तयार हवा.

म्हणून घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या, विक्रोळी-मुलुंडच्या अभ्यासिकांतल्या पोरापोरींना सांगतो, एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी संख्याशास्त्राचीही ठेवा. बारावीनंतर एसेट ही प्रवेश परीक्षा देता येते. ती घेणारी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया 2006 च्या कायद्याने चालते. पुढचे पेपर नोकरी करता करता देतात, वर्षे लागतात, इंग्रजी आणि गणित दोन्ही पक्के लागते, फीही आहे. प्रत्येक विमा कंपनीला नियुक्त ॲक्च्युअरी ठेवणे बंधनकारक आहे. एलआयसीने सहायक प्रशासकीय अधिकाऱ्यांत ॲक्च्युअरीची वेगळी भरती काढली आहे, आणि तिथे आरक्षण लागू आहे. जाहिरात निघाली की गटावर टाकेन. तोवर ज्यांचे अकरावीचे गणित कच्चे आहे, त्यांनी रविवारी विहारात यावे.